गॅरंटीड रेंटवाल्या कंपनीला वाकडचा फ्लॅट दिला होता, त्याचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगतो, पाचपैकी दीड. त्यातला एक स्टार रंगकामाला आणि अर्धा त्यांच्या ॲग्रीमेंटवाल्या पोराला, तो खरंच कामाचा होता, आता सोडून गेलाय तिथून. कंपनीचं नाव टाकत नाही कारण नोटीस गेलेली आहे आणि वकील म्हणाले इतक्यात नाव घालून काही लिहू नका. पण नावाची तशी गरजही नाही, पुण्यात फ्लॅट असेल तर तुम्हालाही यांचे फोन येऊन गेलेच असतील. "सर तुमचा फ्लॅट खाली आहे का, आम्ही फिक्स रेंट देतो, भाडेकरू असो वा नसो."

आमचा वाकडला २ बीएचके आहे, आम्ही राहतो नाशिकला. घेतला तो गुंतवणूक म्हणूनच, खोटं कशाला बोला. आधी दोन फॅमिली राहून गेल्या, चांगली माणसं होती, पण दर वेळी घर खाली झालं की ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, रंग, एखाद-दोन महिने रिकामं, आणि मेंटेनन्स चालूच. शिवाय नळ गळला की नाशिकहून फोनाफोनी. त्यामुळे २०२३ च्या जूनमध्ये या लोकांचा माणूस आला आणि म्हणाला महिना २२,००० फिक्स, दोन महिन्यांचं डिपॉझिट, रंग आमचा, प्लंबर आमचा, तुम्ही फक्त बँकेचा मेसेज बघायचा, तेव्हा घरात सगळ्यांनाच पटलं. बाजारभाव तेव्हा चोवीस-पंचवीस होता. दोन-तीन हजार कमी मिळणार पण डोक्याला ताप नाही, असा हिशोब.

कंपनीचं गणित असं आहे. तुमच्याकडून २२ ला घेतात, दोन बेडरूममध्ये दोन-दोन आणि हॉलला प्लायचं पार्टिशन मारून तिथे दोन, असे सहा बेड टाकतात, बेडमागे ९,००० घेतात. म्हणजे ५४,०००. त्यात वायफाय, स्वयंपाकाच्या मावशी, सफाई, गिझर. बेड भरलेले असले की मजा आहे त्यांची. हिंजवडीत कंपन्यांनी वर्क फ्रॉम होम उठवलं तेव्हा बेड मिळत नव्हते, वेटिंग होतं. धंदा म्हणून यात वाईट काही नाही, पोरांना पण पहिल्या नोकरीत अख्खा फ्लॅट परवडत नाही, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि फर्निचर कुठून आणणार. प्रॉब्लेम एवढाच की यातलं काहीच आम्हाला सांगितलेलं नव्हतं. आम्हाला सांगितलं "वर्किंग प्रोफेशनल्स, मॅक्सिमम चार."

जे चांगलं ते आधी. रंग उत्तम केला, आमच्या नेहमीच्या पेंटरपेक्षा भारी. फोटो असे काढले की बायको म्हणाली हा आपलाच फ्लॅट का. ॲग्रीमेंटला वाकडला जावं लागलं नाही, तो पोरगा बायोमेट्रिकचं मशीन घेऊन नाशिकला घरी आला, अंगठे घेतले, आधार झालं, थोड्याच दिवसांत नोंदणी झालेली पीडीएफ हातात. पहिलं वर्षभर भाडं पाच तारखेच्या आत. नळ, फ्लश, किचनचा ट्रॅप, कशासाठीही आम्हाला फोन आला नाही. तेव्हाच रिव्ह्यू लिहिला असता तर साडेचार दिले असते.

आता ॲग्रीमेंटबद्दल, कारण सगळी मेख तिथेच आहे आणि फ्लॅट असे लोकांच्या ताब्यात देताना कोणी ते नीट वाचत नाही.

पॅकेज म्हणून ६,५०० सांगितले. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर वापरायला द्यायच्या कराराला, स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के असते, पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून जे येईल त्यावर. ३६ महिने, २२,००० भाडं, ४४,००० डिपॉझिट धरलं तर दोन हजाराच्या आसपास येते. नोंदणी फी शहरात १,०००. वरचे त्यांचे. घरी येऊन केलं म्हणून ठीक आहे, पण पॅकेज ऐकून सरकारच एवढं घेतं असं समजू नका.

खरी गंमत कलमांमध्ये. ओनरला ३६ महिने लॉक-इन, म्हणजे तोवर करार मोडता येत नाही. कंपनीला लॉक-इन शून्य, ३० दिवसांची नोटीस दिली की मोकळे. म्हणजे गॅरंटी जी काय आहे ती एका महिन्याची, आणि बांधलेले कोण तर आपण. दुसरं कलम होतं की लायसन्सी, म्हणजे कंपनी, "आपल्या ग्राहकांना" जागा वापरायला देऊ शकतो. किती ग्राहक, कोण, कुठल्या कागदावर, काही नाही. माझ्या मेव्हण्याने हे वाचून विचारलं होतं तेव्हा सेल्सवाला म्हणाला सर स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे ओनर हेच साइन करतात. ते खरं निघालं, आता आमचा बारा-तेरा ओनर लोकांचा ग्रुप आहे आणि सगळ्यांच्या कागदात शब्द न् शब्द तोच.

गडबड सुरू झाली ती सोसायटीतून. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे हे तिकडे राहणाऱ्यांना सांगायला नको. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरची रांग लागते आणि टँकरचं बिल फ्लॅटवर सारखं वाटलं जातं. आता ज्या घरात नवरा-बायको आणि एक मूल आहे त्यांनी आणि ज्या घरात सहा पोरं आंघोळ करून ऑफिसला जातात त्यांनी सारखंच भरायचं म्हटल्यावर कोण गप्प बसेल. आधी व्हॉट्सॲपवर टोमणे, मग लिफ्टमध्ये नोटीस, मग रात्री दोनला पार्किंगमध्ये बाइक लावण्यावरून भांडण. आणि एकटा आमचा फ्लॅट नव्हता, त्याच कंपनीने त्या सोसायटीत अजून काही फ्लॅट घेतले होते. ग्रुपवर आम्हा बाहेरगावच्या ओनर लोकांना मेसेज यायचे, "इन्व्हेस्टर साहेब, भाडं तुम्ही खाता, पाणी आम्ही भरतो, जागे व्हा." मी बरेचदा उत्तर दिलं नाही. काय देणार, मुद्दा चूक नव्हता.

मग एका रविवारी मीटिंगला गेलो. क्लबहाऊसमध्ये शंभरेक माणसं, बायका पुढे, बऱ्याच जणांच्या हातात ए-फोर कागदावर प्रिंट काढलेलं, "फॅमिली सोसायटी आहे, लॉज नाही", "पीजी बंद करा". कोणीतरी लहान मुलांच्या हातात पण दिले होते, एका पोराने तो उलटा धरला होता. कंपनीचा एरिया मॅनेजर येणार होता, आलाच नाही, फोनवर म्हणाला ट्रॅफिकमध्ये आहे आणि नंतर स्विच ऑफ. त्यामुळे सगळा जाळ आम्हा चार ओनरवर. एक आजी मला म्हणाल्या, "तुमच्या घरात कोण राहतं त्यांची नावं सांगा बरं." मला दोन नावं माहीत होती. सेक्रेटरी काका शांत माणूस, त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले साहेब कंपनी कोण आम्हाला माहीत नाही, आमच्या रजिस्टरला मेंबर तुम्ही आहात.

इथे सोसायटीची बाजू सगळी बरोबर होती असंही नाही. ठराव काय आणला तर बॅचलर लोकांना बंदी आणि बाहेरगावच्या ओनरना तिप्पट नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दलचा चार्ज. हे दोन्ही चालत नाही. १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे, नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, महापालिकेचे कर वगळून. आणि आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट लिव्ह-लायसन्सने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं, ॲग्रीमेंटची कॉपी आणि पोलिसांकडे दिलेली माहिती जोडून. मी हे बोललो तर मागून आवाज आला, "मग द्या ना कॉपी, सहा जणांची." आणि तिथे आमचं तोंड बंद झालं, कारण कॉपी होती ती कंपनीच्या नावाची. पोरांचे कागद आमच्याकडे नव्हतेच. पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती द्यायची ती पण कंपनीने दिलेली नव्हती, ॲपमध्ये मात्र हिरवी टिक दिसत होती, "व्हेरिफिकेशन कम्प्लीट." ती टिक कसली होती देव जाणे. नंतर चौकीतून फोन आला तो कंपनीला नाही, मला आला.

मीटिंगनंतर मी पहिल्यांदा वर जाऊन पोरांना भेटलो. एक जळगावचा, दोन लातूरकडचे, एक इंदोरचा, बाकी दोघं ऑफिसला. घाबरलेलेच होते बिचारे, काका काका करत होते. त्यांच्याकडे कागद होता, शंभरच्या स्टॅम्पवर, ११ महिने, नोंदणी नाही, त्यावर मालक म्हणून कंपनी. आमचं नावच नाही. ११ महिन्यांचं असलं की नोंदणी लागत नाही हे जे सगळीकडे बोललं जातं ते महाराष्ट्रात लागू नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, प्रत्येक भाडेकरार आणि लिव्ह-लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, ती जबाबदारी घरमालकाची, नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं जोपर्यंत तुम्ही उलटं सिद्ध करत नाही.

आणि याच कायद्यातलं कलम २४ हे घरमालकाचं खरं हत्यार आहे. लायसन्सची मुदत संपली आणि समोरचा जात नसेल तर नेहमीच्या कोर्टात वर्षानुवर्षं न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, लेखी करार हाच अंतिम पुरावा धरतात, आणि राहिलेल्या दिवसांचं भाडं दुप्पट लागतं. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. हे सगळं ऐकून आम्ही वकिलांना म्हणालो मग लावा कलम २४. ते हसले. म्हणाले कोणाविरुद्ध लावू, पोरांचा आणि तुमचा करार नाही. कंपनीने पोरांविरुद्ध लावायचं म्हटलं तर त्या कलमात स्पष्टच लिहिलंय की स्वतः भाडेकरू असून ज्याने दुसऱ्याला लायसन्सने दिलं तो त्यासाठी घरमालक धरला जात नाही. आणि समोरची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी एक कोटी किंवा जास्त भरणा झालेल्या भांडवलाची असती तर कलम ३ प्रमाणे हा कायदाच लागू झाला नसता. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, साइटवर बघितलं तर आमच्या कंपनीचं पेड-अप भांडवल एक लाख. एक लाख रुपये! बाणेरचं ते काचेचं ऑफिस, बीन बॅग, कॉफी मशीन, आणि भांडवल एक लाख. ज्यांच्या फ्लॅटची किंमत ऐंशी-नव्वद लाख ते लोक एक लाखवाल्याकडून गॅरंटी घेत होते.

हे तपासायला दहा मिनिटं लागतात आणि कंपनीचं नाव टाकून बेसिक माहिती फुकट दिसते, म्हणून एवढं लांबण लावलं.

२०२४ च्या दिवाळीनंतर भाडं लांबायला लागलं. पाच तारखेचं वीस झालं, मग पुढच्या महिन्यावर गेलं, मग बंद. ॲपवर "प्रोसेस्ड" दिसायचं, बँकेत काही नाही. कस्टमर केअर म्हणजे चॅटबॉट, त्याला काहीही विचारा तो म्हणतो तुमचा रिलेशनशिप मॅनेजर लवकरच संपर्क करेल. पोरं मात्र कंपनीला वेळेवर पैसे देत होती, मी त्यांचे यूपीआयचे स्क्रीनशॉट बघितलेत. म्हणजे पैसा येत होता, पुढे सरकत नव्हता. आम्ही ३० दिवसांत भाडं नाही तर करार रद्द अशी नोटीस काढली, कलम होतं तेवढं नशीब.

आणि मग त्यांनी जो प्रकार केला त्यासाठी मी बाकीचे साडेतीन स्टार कापलेत. नोटीस मिळाल्यावर फ्लॅट सोडायचा तर पोरांना डिपॉझिट परत द्यावं लागणार, ते द्यायचं नव्हतं, पोरं आपणहून पळाली पाहिजेत, म्हणून त्यांचा ऑपरेशन्सचा माणूस आला आणि खाली मीटर रूममधून आमच्या फ्लॅटचा फ्यूज काढून घेऊन गेला. रात्री साडेनऊला जळगावच्या पोराचा फोन, काका लाइट गेली आणि वॉचमन म्हणतो ओनरने सांगितलं. मी काही सांगितलेलं नव्हतं. घरात भाडेकरू राहतोय आणि वीज-पाणी तोडायचं हे त्याच भाडे कायद्याच्या कलम २९ खाली गुन्ह्यात येतं, आणि तक्रार झाली असती तर दारावर नाव कोणाचं, आमचं. त्या रात्री सेक्रेटरी काकांनी, म्हणजे ज्यांनी आम्हाला मीटिंगमध्ये सोलून काढलं होतं त्यांनीच, सोसायटीचा इलेक्ट्रिशियन पाठवून फ्यूज बसवून घेतला. फोनवर एवढंच म्हणाले की भांडण पीजीशी आहे, पोरांशी नाही. अंधारात कशाला ठेवायचं.

पुढच्या आठवड्यात बाणेरच्या ऑफिससमोर पोरं जमली, वेगवेगळ्या सोसायट्यांमधली, दीड-दोनशे तरी असतील, डिपॉझिट परत द्या म्हणून. आम्ही ओनर लोक पण गेलो. आणि तिथे जे झालं ते मला अजून विचित्र वाटतं. सुरुवातीला पोरं आम्हालाच घेरायला लागली, कारण त्यांना सांगितलेलं होतं की ओनर भाडं वाढवून मागतोय म्हणून तुम्हाला निघावं लागतंय, डिपॉझिट ओनरकडे आहे. आम्हाला सांगितलेलं होतं की पोरं भाडं थकवतात म्हणून तुमचं लांबतंय. दोन्ही बाजूंचे मोबाइल समोरासमोर आले तेव्हा पंधरा मिनिटांत सगळं बाहेर पडलं. दुपारनंतर घोषणा एकत्रच चालू होत्या. एक रिटायर्ड बँकवाले ओनर, साठीचे, इन शर्ट वगैरे, आयुष्यात कधी मोर्चात गेले नसतील, ते पोरांबरोबर फुटपाथवर बसून वडापाव खात होते आणि मध्येच "डिपॉझिट आमच्या हक्काचं" म्हणत होते. कंपनीने काचेवर आतून पडदे ओढून घेतले.

माझे वडील, अण्णा, गिरगावातल्या चाळीत वाढले. भाडेकरू. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली, १ फेब्रुवारी १९७३ ला जे लिव्ह-लायसन्सवर राहत होते ते सगळे एका दुरुस्तीने कायदेशीर भाडेकरू झाले, आणि तेव्हापासून मराठी घरात "भाडेकरू ठेवला म्हणजे घर गेलं" हे वाक्य प्रत्येक मालकाच्या तोंडी आहे. अण्णांच्या चाळीचा मालक भाडं इतकं कमी म्हणून दुरुस्ती करायचा नाही, भाडेकरू दुरुस्ती नाही म्हणून मालकाच्या नावाने बोटं मोडायचे, जिने तसेच. सरकारने १९८६ मध्ये म्हाडाच्या कायद्यात प्रकरण घातलं, सेस इमारतीतल्या, म्हणजे दुरुस्तीचा कर भरणाऱ्या जुन्या इमारतीतल्या, ७० टक्के रहिवाशांनी संस्था करून मागणी केली तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट देऊन इमारत घेता येईल. त्याविरुद्ध मालकांची संघटना कोर्टात गेली ती केस फिरत फिरत नऊ न्यायमूर्तींपुढे गेली आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला की सरसकट प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती धरता येत नाही. आमचं भाडं लांबायला लागलं त्याच सुमारास. अण्णांना पेपरमधून वाचून दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे मालक जिंकला का? मग आता जिना बांधील का तो?"

तर ही जी भीती आहे ना, भाडेकरू घर बळकावेल, त्याच भीतीवर या कंपन्यांचा सेल्स चालतो. "सर मधे आम्ही आहोत, भाडेकरूशी तुमचा संबंधच नाही." पण १९९९ चा कायदा आल्यापासून, म्हणजे ३१ मार्च २००० पासून, नीट नोंदणी केलेला लिव्ह-लायसन्स असेल तर मालकाची बाजू चांगली भक्कम आहे, कलम २४ त्यासाठीच आहे. मधे कंपनी घालून आम्ही तेच हत्यार यांच्या हवाली केलं आणि वर दर महिन्याला दोन-तीन हजार सोडले. सोसायटीला वाटणार आपण लॉज चालवतोय, पोरांना वाटणार आपण डिपॉझिट खाल्लं, पोलिसांना दारावरचं नाव दिसणार. संबंध नाही कुठे, संबंध सगळ्यांशी, फक्त कागद कोणाशीच नाही.

अमेरिकेत बसलेल्या मंडळींना हे जास्त सांगायचंय, कारण हिंजवडी-वाकडच्या टॉवरमध्ये तुमचे बरेच फ्लॅट आहेत. एनआरआय मालकाचं भाडं देताना भाडेकरूला ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे मालकाच्या नावाने आधीच कापलेला आयकर, भरावा लागतो, साधी फॅमिली त्याला घाबरते, म्हणून एनआरआय लोक अशा कंपन्यांकडे जातात, "टॅक्सचं सगळं आम्ही बघतो." माझा कॉलेजचा मित्र न्यू जर्सीला आहे, त्याचाही फ्लॅट यांच्याकडेच होता. बघितलं त्यांनी, कसं ते खाली वाचा.

टीडीएस. कंपनी भाडं देते म्हटल्यावर वर्षाला २,४०,००० च्या वर गेलं की १० टक्के कापायचे, तेव्हाचा नियम तो होता, एप्रिल २०२५ पासून मर्यादा महिना ५०,००० केली आहे. आम्हाला २२,००० चे १९,८०० यायचे, ॲपमध्ये दर महिन्याला "टीडीएस २,२००" अशी स्वच्छ ओळ. पहिल्या वर्षी २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या टॅक्सच्या सरकारी तक्त्यात, दिसलं, ठीक. दुसऱ्या वर्षी रिटर्न भरायला सीए कडे गेलो तर २६एएस मध्ये शून्य. कापले सगळे, भरला एक रुपया नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २०५ सांगतं की टीडीएस कापला गेला असेल तर तेवढा टॅक्स परत आपल्याकडून वसूल करता येत नाही, पण कापला हे दाखवायला कागद पाहिजे. ॲप तोपर्यंत बंद पडत आलं होतं. मी वेळेत सगळ्या महिन्यांची स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवली होती म्हणून सीएला काहीतरी दाखवता आलं, मित्राकडे तेही नाही, तो अजून मेल करतोय. अशी सर्व्हिस वापरत असाल तर आज रात्री जेवण झालं की पहिलं काम हे करा, स्टेटमेंट उतरवा आणि आयकरच्या साइटवर एआयएस (आपल्या नावावरच्या व्यवहारांची नोंद) उघडून मागच्या तिमाहीचा टीडीएस दिसतोय का बघा. भाडं उशिरा येण्याआधी टीडीएस भरणं बंद होतं. आमच्या ग्रुपमधल्या जवळपास सगळ्यांचं असंच झालंय, पहिली घंटा तीच होती आणि कोणी ऐकली नाही.

सध्याची परिस्थिती. सहा पोरांपैकी दोघं निघून गेली, चौघांशी आम्ही थेट ॲग्रीमेंट केलं, चौघांची नावं, ११ महिने, नोंदणी करून, पोलिसांना माहिती ऑनलाइन देऊन, सोसायटीला कॉपी. भाडं २६,०००, डिपॉझिट त्यांचं आधीच बुडालेलं म्हणून एकाच महिन्याचं घेतलं, ते पण दोन हप्त्यांत. हॉलचं पार्टिशन काढलं, आत भिंतीला जी भोकं होती ती बुजवायला पेंटर बोलावला, म्हणजे तो जो एक स्टार दिलाय तोही खरं तर अर्धाच धरा. सोसायटीने टँकरचं बिल फ्लॅटऐवजी मीटरवर लावायचं ठरवलंय, त्याला मी मत दिलं. आजींनी परवा पोरांना गणपतीच्या वर्गणीची पावती फाडली म्हणे, चौघांची मिळून.

कंपनीचं ऑफिस आता बाणेरला नाही. माझं भाडं, पोरांची डिपॉझिटं, सगळं अडकलेलंच आहे. वकील म्हणतात समरी सूट, म्हणजे पैसे वसुलीचा झटपट चालणारा दावा, टाकू, पण एक लाख भांडवलाच्या कंपनीकडून वसूल काय होणार याचं उत्तर त्यांच्याकडेही नाही, डायरेक्टर लोकांवर फसवणुकीची तक्रार करायची का यावर ग्रुपमध्ये रोज रात्री वाद चालू असतो. त्याच डायरेक्टरपैकी एकाच्या नावावर नवीन कंपनी निघालेली एमसीएवर दिसतेय, मागच्याच महिन्यात मेव्हण्याला फोन आला होता, "सर तुमचा फ्लॅट खाली आहे का." मेव्हणा म्हणाला आहे ना, या बघायला, आणि पत्ता आमच्या वकिलांच्या ऑफिसचा दिला. अजून आले नाहीत.